सरांच्या खिशातली सुई

गेल्या मंगळवारी संध्याकाळी मी कणीक मळत होते. तिकडे ठाण्यात बुधवारची पहाट. शाळेच्या ग्रुपवर बातमी आली की सर गेले. वय ब्याऐंशी, झोपेतच. पिठाच्या हातानेच फोन उघडला. तासाभरात सत्तर-ऐंशी मेसेज आले. भावपूर्ण श्रद्धांजलीच्या रांगेत एका मैत्रिणीने लिहिलं होतं, "सर म्हणजे त्यागमूर्ती. तीस वर्षं पोरांना बास्केटबॉल शिकवला, शाळेकडून एक पैसा घेतला नाही." त्याखाली एका मित्राने, "अमेरिकेत असते तर सरांच्या नावाचं स्टेडियम असतं." आणि मला टॅग करून, "खरं की नाही गं?"

मी इंडियानापोलिसजवळ एकोणीस वर्षं राहतेय, म्हणून हा प्रश्न मला. उत्तर तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. ग्रुपवर मावेना.

सर भूगोल शिकवायचे. पी. टी.चे सर वेगळे. कवायत, लेझीम आणि पंधरा ऑगस्ट त्यांच्याकडे. बास्केटबॉल हा सरांचा स्वतःचा उद्योग. नौपाड्यातल्या आमच्या मराठी शाळेमागे मातीचं ग्राउंड होतं, त्याच्या एका टोकाला एक पोल, एक लाकडी बोर्ड, एक रिंग. दुसरी रिंग नव्हतीच. त्यामुळे आम्ही कायम अर्ध्या कोर्टवर खेळलो आणि स्पर्धेत पूर्ण कोर्ट दिसलं की पहिली पाच मिनिटं जत्रेत हरवल्यासारख्या पळायचो. पावसाळ्यात ग्राउंडचं तळं व्हायचं. ठाणे तलावांचं शहर, त्यातला एक आमच्या शाळेच्या मालकीचा.

सकाळी साडेसहाला पोचावं तर सर फक्की मारून मोकळे झालेले असत. बॉल दोन. एकाचे दाणे झिजून त्याला टक्कल पडलेलं. हवा गेली की कोपऱ्यावरचा सायकलवाला. पण सायकलच्या पंपाने बॉल भरायचा तर सुई लागते, आणि सुई हमखास हरवते. म्हणून ती सर शर्टाच्या खिशात ठेवायचे, लाल पेनाच्या शेजारी. वर्गात नकाशावर मोसमी वाऱ्यांची अरबी समुद्राकडची शाखा दाखवायला वाकले की सुई फरशीवर टिंग करून पडायची. पहिल्या बाकावरची मुलगी उचलायची, सर नकाशावरची नजर न काढता हात मागे करायचे, आणि शाखा सह्याद्रीला जाऊन थडकायची.

१९९२ साली मी आठवीत होते. मुलींची टीम काढायची म्हटल्यावर हाफ पॅन्टचा प्रश्न आला. सर आमच्या घरी आले, चहा घेतला, बाबांशी अर्धा तास डोंबिवलीच्या पाण्याबद्दल बोलले आणि उठताना म्हणाले, "सलवारीत पाय अडकून पडली तर दात जातील. दाताचा खर्च फार येतो हो." बाबा हिशेबी माणूस. दुसऱ्या दिवशी पॅन्ट आली.

त्या वर्षी सर आम्हाला नागपाड्याला सामना खेळायला घेऊन गेले. मुंबईच्या बास्केटबॉलची पंढरी ती. भारताचे कर्णधार राहिलेले, १९७० साली अर्जुन पुरस्कार मिळालेले अब्बास मुंतसिर तिथलेच. आम्ही लेडीज डब्यात, सर शेजारच्या जनरलमध्ये दारात लटकलेले. घाटकोपर, कुर्ला, दादर, प्रत्येक स्टेशनला ते बाहेर वाकायचे आणि आम्ही खिडकीतून हात काढून बोटं दाखवायची, बारा जणी आहोत म्हणून. भायखळ्याला उतरून चालत गेलो आणि सडकून मार खाल्ला. तरी बाराच्या बारा जणी खेळल्या. हरणाऱ्या सामन्यात कोणाला आत पाठवायचं हा प्रश्न सरांना पडायचाच नाही. त्यांचा नियम एकच, सकाळी साडेसहाला येईल ती आपली. बारा नावं फक्त कागदावर लागायची. ग्राउंडवर आम्ही एकोणतीस होतो.

आता अमेरिका. स्टेडियमचं म्हणाल तर खरं आहे. मी राहते ते इंडियाना राज्य बास्केटबॉलवेडं. इथून तासाभरावर न्यू कॅसल नावाचं गाव आहे, वस्ती सतरा-अठरा हजार, आणि तिथल्या हायस्कूलच्या बास्केटबॉल हॉलमध्ये आठ हजारांवर माणसं बसतात. १९५४ साली मायलन गावच्या १६१ पोरांच्या शाळेने मन्सी सेंट्रल या बड्या शाळेला ३२-३० असं हरवून राज्याचं विजेतेपद घेतलं. त्याबद्दल इथले म्हातारे आपण १९८३च्या वर्ल्ड कपबद्दल बोलावं तसं बोलतात. पुढे १९९७ साली लहानमोठ्या शाळांची ही एकच स्पर्धा मोडून पटसंख्येप्रमाणे शाळांचे चार गट केले, तर त्यावरचं भांडण अजून मिटलेलं नाही. कोचच्या नावाचे हॉल, कोर्ट, रस्ते, सगळं आहे.

पण मला हेवा त्या हॉलचा वाटत नाही. माझ्या लेकीच्या शाळेतला कोच इतिहास शिकवतो, बहुतेक ठिकाणी कोच असा शिक्षकच असतो. शिकवण्याचा पगार वेगळा आणि कोचिंगचा करार वेगळा, त्याचे पैसे वेगळे, कागदावर लिहिलेले. रात्री उशिरा ईमेल केला तर तो सकाळी उत्तर देतो आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. हा करार फार रुक्ष दिसतो. सरांकडे तो नव्हता, आणि नेमकं त्यालाच आम्ही त्याग म्हणतोय.

२०१६ साली मी सरांना भेटायला गेले होते. काकूंनी पोहे केले. बोलता बोलता हसत म्हणाल्या, "तुमच्या त्या एकेका बॉलमध्ये माझी एकेक साडी गेली." आम्ही सगळे हसलो. मग त्या डिश उचलताना, हसू आवरलेलं, एवढंच म्हणाल्या, "दर वर्षी." सर खिडकीबाहेर बघत होते. तेव्हापासून त्यागमूर्ती हा शब्द मला घशाखाली उतरत नाही. त्यात त्याग नेमका कुणी केला, हे कुणी विचारत नाही. शाळेने, संस्थेने, आमच्या पालकांनी, बाबांनीसुद्धा, फुकटात सोय करून घेतली. हाफ पॅन्टचा हिशेब झाला, बॉलचा झाला नाही.

यावर ग्रुपमधलं दुसरं टोक तयारच आहे. आता घोडबंदर रोडच्या टॉवरांमध्ये अकादम्या आहेत, महिन्याची फी आहे, मग प्रश्न सुटला की! सुटला नाही. फी भरणाऱ्यांचा सुटला. शिक्षणहक्क कायद्याने २००९ साली शाळेला मैदान हवं म्हटलंय. सहावी ते आठवीला शंभराहून जास्त मुलं असतील तर आरोग्य आणि शारीरिक शिक्षणाला अंशकालीन निदेशक हवा, हेही त्यात आहे. २०२०च्या राष्ट्रीय धोरणात खेळ हा अभ्यासाबाहेरचा मानू नये असं आहे. कागद आपल्याकडेही कमी नाहीत. पण अंशकालीन हा शब्दच बघा. माणूस अर्धवेळ, मानधन त्याहून अर्धं, आणि नोकरी टिकवायला आंदोलन पूर्णवेळ.

म्हणून अमेरिकेची पद्धत जशीच्या तशी उचला, असंही मी म्हणणार नाही. मुली इथे कधी आल्या ते बघा. इंडियानात मुलांची राज्य स्पर्धा १९११पासून, मुलींची १९७६ साली सुरू झाली. आमचे सर फार मागे नव्हते. आणि सातवीत असताना माझी लेक निवड चाचणीला गेली. चाळीसेक मुली, तीन दिवस, मग शाळेच्या साइटवर यादी, नावं नाहीत, फक्त नंबर. तिचा नव्हता. पद्धत चोख होती, कोच सभ्य होता, तिला दोन ओळींचा चांगला ईमेलही आला. ती मुलगी त्यानंतर बॉलला हात लावत नाही. बाहेरच्या क्लबमध्ये पैसे भरून खेळता येतं, ते नको म्हणाली. मी, बोर्डालाही न लागणारे फ्री थ्रो मारणारी, पाच वर्षं रोज खेळले. ती यादी माझ्या वेळी असती तर मीही पहिल्याच दिवशी घरी आले असते.

तर ग्रुपवर मी शेवटी लिहिलं ते हे. सरांच्या नावाच्या बोर्डासाठी वर्गणी निघतेय, माझा वाटा पाठवते. पण तो बोर्डाला लावू नका. शाळेत जो कोणी शिक्षक सकाळी साडेसहाला मुलांना घेऊन ग्राउंडवर येत असेल त्याला दर महिन्याला द्या, पावती करून, शाळेच्या वहीत नोंद करून. अट एकच, येईल ते मूल खेळेल.

कुणी अंगठा दिला, कुणी हात जोडले. एकाने विचारलं, "ग्राउंड कुठाय पण?" मला माहीत नव्हतं. मग कळलं, पेव्हर ब्लॉक टाकून तिथे आता स्कूलबस उभ्या राहतात. रविवारी बस नसतात म्हणून शोकसभा तिथेच आहे, सकाळी साडेदहाला. तेव्हा इथे रात्रीचा एक वाजलेला असेल, मला लिंक पाठवणार आहेत.

पोल तरी आहे का, मी विचारलं.

"पोल आहे," उत्तर आलं. "त्याच्यावर सीसीटीव्ही बसवलाय."