दारातली मुलगी क्रॉप करू का?

आज दुपारी आमचा तरुण सहकारी लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "मॅडम, हा फोटो एकदम बेस्ट आहे. फक्त दारात एक मुलगी उभी आहे, फ्रेम बिघडतेय. क्रॉप करू का?"

तेव्हापासून डोकं फिरलंय. घरी आले, कुकर लावला, शिट्ट्या मोजायला विसरले. भाताचा गिचका झालाय. घरच्यांना म्हटलं, आज पिठलं टाकून खा, मला लिहायचंय.

त्या पोराची काहीच चूक नाही हे आधीच सांगते. तासिका तत्त्वावर आहे बिचारा. तासांचे पैसे कधी हातात पडतील ते त्यालाही माहीत नाही, आणि वर माझ्या फाईली फुकटात करतोय.

माझ्या यादीतल्या ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: गेली सहा वर्षं मी आमच्या कॉलेजची विद्यार्थी विकास अधिकारी आहे. पूर्वी याला विद्यार्थी कल्याण म्हणायचे. 2016 चा विद्यापीठ कायदा आला आणि कल्याणाचा विकास झाला. कमवा व शिका, निर्भय कन्या, गॅदरिंग, आय-कार्ड, रॅगिंगची हमीपत्रं, सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अडकलेले शिष्यवृत्तीचे अर्ज, हॉस्टेलच्या डब्यातलं झुरळ, सगळं माझ्याकडे. आणि आठवड्याला 16 तास शिकवायचं ते आहेच. पद मिळालं ते कशामुळे? मीटिंगला मी पाच मिनिटं उशिरा पोचले म्हणून. खरंच. आत गेले तर सगळे टाळ्या वाजवत होते.

सध्या वार्षिक गुणवत्ता अहवाल भरणं चाललंय. नॅकचा, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेचा, निकष पाच, विद्यार्थी साहाय्य आणि प्रगती. प्रत्येक उपक्रमाला अहवाल, हजेरीपत्रक आणि जिओ-टॅग असलेला फोटो. अक्षांश-रेखांश नसेल तर कार्यक्रम झालाच नाही. आम्ही यंदा बेचाळीस उपक्रम दाखवतोय. बेचाळीस! सुट्ट्या, परीक्षा, प्रवेश वगळलं तर आठवड्याला एकाहून जास्त. या पोरांनी अभ्यास कधी केला, हा प्रश्न कुठल्याच तक्त्यात नाही.

तर तो फोटो. निर्भय कन्या अभियानाची कार्यशाळा. पाहुण्या बाई माइकवर. मागे फ्लेक्स, एका बाजूने लोंबलेला. पुढे खुर्च्यांवर मुली. खालच्या कोपऱ्यात आकडे आणि वेळ, 12:52. आणि डाव्या हाताला दाराच्या चौकटीत अर्धी आत, अर्धी बाहेर ती. हातात पिवळी प्लास्टिकची फाईल. बघतेय कॅमेऱ्याकडे नाही, पाहुण्यांकडेही नाही. माझ्याकडे बघतेय. मी स्टुलावर उभी राहून फ्लेक्सची दोरी ओढतेय.

एस.वाय.बी.कॉम.ला होती. त्या महिन्यात माझ्याकडे आलेली ती चौथी वेळ. पहिल्यांदा आली एसटीच्या पाससाठी बोनाफाईड हवं म्हणून. (बारावीपर्यंत मुलींना पास फुकट, पुढे सवलतीचा. त्याला बोनाफाईड लागतं.) ते खिडकीवर मिळतं, माझ्याकडे नाही, असं मी सांगितलं. दुसऱ्यांदा आली, बोनाफाईडवर गावाचं नाव चुकलंय म्हणून. तेही खिडकीचंच काम. तिसऱ्यांदा आय-कार्डवर सही. दर वेळी काम झाल्यावर मिनिटभर उभी राहायची. फाईलचं बटण उघड-बंद, उघड-बंद. टक्, टक्. मी म्हणायचे, "अजून काही?" ती म्हणायची, "नाही मॅडम."

चौथ्यांदा 12:52 ला आली आणि म्हणाली, "मॅडम, दोन मिनिटं." मी स्टुलावरूनच म्हटलं, "उद्या ये गं, बघतेस ना आज किती गडबड आहे."

आणि आत माइकवर चाललं होतं, "मुलींनो, मनात ठेवू नका, बोलत्या व्हा."

ती उद्या आली नाही. बाराव्या दिवशी तिचे वडील आले, टी.सी.चा अर्ज घेऊन. कारणाच्या रकान्यात "घरगुती अडचण". भला माणूस होता, उगाच व्हिलन करणार नाही. टोपी काढून बसले, म्हणाले, "जमवलंय पोरीचं. स्थळ चांगलंय." एकोणीस पूर्ण होती, कायद्याने कोणाला काही म्हणता येत नव्हतं. नो ड्यूजवर एक सही माझीही लागते. केली.

आता कोणीतरी खाली लिहिणारच, की ती खरंच सहीलाच आली असेल, तुम्ही उगाच मनाला लावून घेताय. असेलही. मलाही नक्की माहीत नाही. आणि दोन मिनिटं बसवलं असतं तर लग्न थांबलं असतं असंही म्हणत नाही. पण पास काढायला कोणी चार वेळा येत नाही हो. एवढं तर आपल्याला कळायला हवं ना? मला कळायला हवं होतं.

मघाशी ते क्रॉपचं ऐकून मी मेंटॉर-मेंटीचं रजिस्टर काढलं. प्रत्येक शिक्षकाला वीस-पंचवीस मुलं वाटून दिलेली असतात, त्यांच्याशी बोलायचं, नोंद ठेवायची. तिच्या नावापुढे चार भेटी. चारही एकाच निळ्या पेनाने, एकाच बैठकीत भरलेल्या. शेवटचा रकाना, "विद्यार्थ्याची समस्या". त्यात लिहिलंय, निरंक.

निरंक!

कोणी भरलं ते सांगत नाही. मार्चअखेरीला आम्ही सगळेच भरतो. मीही भरते.

राग कोणाचा येतोय तेच कळत नाहीये. नॅकवर खापर फोडणं सोपं आहे. पण खरं सांगायचं तर ते रकाने नसते, तर आमच्याकडे अंतर्गत तक्रार समितीची बैठकही झाली नसती. बरं, मान्य. कार्यक्रमही सगळे टाकाऊ नसतात. त्याच कार्यशाळेनंतर एका मुलीने येऊन एका माणसाबद्दल तक्रार दिली आणि ती तडीस गेली. हेही मान्य. पण म्हणून बेचाळीस?

जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. मला वाटलं, सुटले. आता कोणीतरी शिकलेलं माणूस येईल, ज्याला ती टक्-टक् ऐकू येते. झालं काय? माझ्याच दारावर आणखी एक पाटी लागली, समुपदेशन कक्ष. मी अर्थशास्त्र शिकवते हो! मागणी आणि पुरवठा शिकवते!

आणि मुलांनी निवडलेला प्रतिनिधी म्हणाल तर तोही नाही. 1994 च्या विद्यापीठ कायद्याने कॉलेजातल्या निवडणुका गेल्या, वर्गात पहिला येईल तो प्रतिनिधी. 2016 च्या कायद्याने परत आणल्या, 2019 ला होणार होणार म्हणता पुढे ढकलल्या. निवडणुकांत हाणामाऱ्या व्हायच्या, माहितीये, मी स्वतः कॉलेजात होते तेव्हाच्या गोष्टी ऐकल्यात. पण पहिला येणारा मुलगा सगळ्यांच्या वतीने बोलतो हे कोणी ठरवलं? पहिला येणारा बहुतेक वेळा कोणाशी बोलतच नाही.

चहा केला. जरा शांत झालेय. वरचं सगळं वाचलं, थोडं जास्त झालंय. राहू दे, खोडत नाही.

कमवा व शिकाची पोरं सकाळी साडेसातला झाडांना पाणी घालायला येतात. आमच्या विद्यापीठात त्या योजनेला कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव आहे. दर वर्षी जयंतीला आम्ही हार घालतो, फोटो काढतो, अक्षांश-रेखांशासकट. भाऊराव अण्णांनी साताऱ्यात 1924 ला बोर्डिंग काढलं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला. धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. त्या बाईकडे कुठलं पद होतं? पोरं जेवली की नाही, एवढंच बघायची ती. भाषणात हे सांगताना माझा दर वर्षी आवाज भरून येतो, आणि भाषण संपलं की मी हजेरीपत्रकावर सह्या झाल्या का ते बघते.

आज हे लिहिताना त्या स्टुलावरून खाली उतरायला किती सेकंद लागले असते, याचा हिशोब करत बसलेय. दोन पायऱ्यांचं स्टूल. फ्लेक्स तसाही तिरकाच राहिला, फोटोत दिसतोय की.

तर फोटो क्रॉप करायचा नाही असं सांगितलंय. तो म्हणाला, "पण मॅडम, आकड्यात गोंधळ होईल. हजेरीपत्रकावर 83 आहेत, आणि फोटोत कोणी मोजलं तर दारातली धरून 84." म्हटलं, मोजू देत.

आणि उद्यापासून रोज एक ते दोन मी माझ्या खोलीत नुसती बसणार आहे. गावाकडची एसटी दोन-दहाला असते, मुली तोवर रेंगाळतातच. सहीला या, बोनाफाईडला या, खिडकीचं काम असलं तरी माझ्याकडे या. त्या वेळात मीटिंग लागली तर मी उशिरा येईन. एकदा उशिरा आल्याची शिक्षा सहा वर्षं भोगतेच आहे, अजून काय करतील.

हे लिहीपर्यंत त्या पोराचा मेसेज आलाय. "मॅडम, रोज एक ते दोन म्हणालात ना, त्याला उपक्रम क्र. 43 देऊ का? फोटो मी काढेन."

अजून उत्तर दिलेलं नाही.