माशाची शेपटी अपुरी का ठेवली: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

वेसाव्याच्या होडीवरच्या लेखाला तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. तुम्ही स्वतः गोराईचे, होडीवर वाढलेले, तेव्हा दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं मला बरं वाटेना. लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. समुद्रावर जायची थांबलेली एक जुनी लाकडी होडी आहे. तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या निमुळत्या भागावर, ऑइल पेंटच्या थरांखाली एक चिन्ह झाकलं गेलं होतं: समोरासमोर दोन मासे, वर चंद्र-सूर्य, खाली हिरवा-पिवळा पट्टा. नाखव्यांच्या, म्हणजे होडीच्या मालकांच्या, सांगण्यावरून आम्ही ते उघडं केलं. तुमचे आक्षेप तीन आहेत. होडी दरवर्षी रंगते, मग ‘मूळ रंग’ कुठला? आजोबांचा रंग दाखवायला बापाचा रंग खरवडायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? आणि एवढं करूनही काम अर्धवटच: एका माशाला धड शेपटी नाही, रंग फिके, ‘कोळ्याची होडी अशी मेलेली दिसत नाही.’

शेपटीचं आधी सांगतो. डाव्या बाजूला ती जिथे यायला हवी तिथली फळीच नंतर बदललेली आहे. जुनी कुजली असणार. सुताराने सागाची नवी फळी बसवली, फटीत कापूस ठोकला, लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आणि पेंटरने त्यावर सरळ निळा हात फिरवला. त्या फळीवर शेपटी कधी रंगवलीच गेली नव्हती. उजव्या बाजूचा मासा छापून उलटा करायचा, असं तुम्ही सुचवलंत. ट्रेसिंग उलटं लावून पाहिलं, बसत नाही. दोन्ही बाजूंचे सांधे वेगवेगळ्या उंचीवर आहेत आणि पेंटरने मासे सांध्यांच्या हिशेबाने आखलेत. उजवीकडचा लांबट, डावीकडचा आखूड आणि पोटाला फुगीर. उजवीची शेपटी डावीकडे आणली असती तर त्या माणसाने कधी काढलाच नव्हता असा मासा त्याच्या नावावर जमा झाला असता. म्हणून नुसती बाह्यरेषा दिली, जुन्या रेषेपेक्षा एक शेड फिकी. चार पावलं मागे उभं राहिलं की मासा पुरा दिसतो. जवळ गेलं की त्याचा हात कुठे संपला आणि आमचा कुठे सुरू झाला ते कळतं.

ही रीत मी शोधून काढलेली नाही. रोमच्या कलाकृती-जतनाच्या केंद्रीय संस्थेत चेझारे ब्रांदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४०च्या दशकात चित्रांमधल्या गेलेल्या जागा बारीक उभ्या रेषांनी भरायची पद्धत बसवली, ती याच कारणासाठी. लांबून चित्र तुटू नये आणि जवळून पाहणाऱ्याची फसवणूक होऊ नये. भिंतीवरच्या देवदूतांना जो मान मिळतो तो वेसाव्याच्या माशाला का मिळू नये?

आता फिकेपणा. जुन्या ऑइल पेंटमध्ये जवसाचं तेल असतं आणि ते अंधारात पिवळं पडतं. वरच्या थरांखाली वर्षानुवर्षं दबलेला निळा उघडा केला तेव्हा तो चक्क हिरवट दिसला. त्याच दिवशी शेड कार्डाला लावून मोकळे झालो असतो तर होडी हिरवी ठरली असती. अशा वेळी उघडलेली खिडकी, म्हणजे वरचे थर काढलेली छोटी जागा, उजेडात तशीच राहू द्यायची. तेलाचा पिवळेपणा हळूहळू उतरतो आणि निळा निळ्याच्या जवळ येतो. शेंदराची गोष्ट वेगळी. तो हवेने, उजेडाने काळवंडतो किंवा पांढुरका पडतो, आणि तो बदल मागे फिरत नाही. माशांच्या डोळ्यांभोवतीचं काळपट तपकिरी कडं तुम्हाला खटकलं, ते एके काळी लालभडक असणार. ते कसं असेल याचं रंगीत चित्र कागदावर काढून होडीशेजारी लावलं आहे. होडीवर मात्र जे उरलंय तेच ठेवलं.

चकाकी नाही ही तक्रारही समजते. रंग जपायला वरून पारदर्शक हात देतात, त्या राळेबद्दल दोन शब्द. संग्रहालयांत सर्रास वापरतात ती पॅरालॉइड बी-७२ साधारण ४० अंशांना मऊ पडू लागते. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली तापलेल्या फळीवर ती चिकट होणार आणि अख्ख्या कोळीवाड्याची धूळ धरून बसणार. म्हणून त्याच जातीची बी-४४ घेतली. ती ६० अंशांच्या आसपास मऊ पडते, म्हणजे इथल्या उन्हाला तग धरते. तिच्यावर चकाकी उद्याही देता येईल आणि परवा काढताही येईल. जुन्या रंगावर नवा ऑइल पेंट चढवला की तो इतक्या सहज काढता येत नाही.

पण ‘मेलेली’ या शब्दावर मी अडलो. एकदा या होडीच्या नाळेशी गुडघे टेकून बसा आणि टॉर्च फळीला समांतर, आडवा धरा. माशाचं प्रत्येक खवलं ब्रशच्या एकेका दाबाने उमटलंय, सुरुवातीला जाड, सुटताना बारीक. वरच्या ओळीत एका खवल्यात ब्रशचा एक केस अडकून वाळलाय. हिरव्या पट्ट्यातून एक ओघळ सुटलाय, तो सरळ खाली न जाता तिरका नाळेकडे गेलाय. म्हणजे रंगवताना होडी सरळ उभी नव्हती, चिखलात कलून पडलेली होती आणि पेंटर तिच्या कुशीला बसून हात चालवत होता. त्याच्या वरच्या थरात बारीक खळगी आहेत, ओल्या रंगावर पावसाचे थेंब पडल्याची. कोणाचा तरी त्या वर्षीचा अंदाज चुकला, ताडपत्री ओढेपर्यंत सर येऊन गेली. मी आजवर मुंबईतल्या कामगाराच्या हाताचा इतका जिवंत पुरावा दुसरीकडे पाहिलेला नाही. त्यावर झगझगीत नवा रंग मारायला माझा हात धजला नाही.

आता ‘मूळ’चा प्रश्न. होडी दरवर्षी रंगते हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे आणि माझं सगळं काम त्याच्यावरच उभं आहे. पावसाळ्यात मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, डागडुजी, मग रंग, मग नारळी पौर्णिमा. म्हणून दरवर्षी एक थर. रंगाचा कण भिंगाखाली आडवा पाहिला तर दोन थरांच्या मध्ये काळसर रेघ दिसते. ते एका मोसमाचं मीठ, धूर आणि माशाचं तेल. होडीच्या आयुष्याची वही तिच्याच अंगावर लिहिलेली असते. ‘मूळ’ हा शब्द मी लाकडावरच्या पहिल्या हाताला लावलेला नाही, चिन्ह ज्या थरात पहिल्यांदा येतं त्या थराला लावला. त्याच्या खालीही रंग आहे, साधा, बिनचित्राचा.

त्याच थरावर का थांबलो? वरच्या थरांत काय होत गेलं ते बघा. दुसऱ्या वर्षी कोणीतरी जुन्या रेषेवरून मासा पुन्हा गिरवला, पण ब्रश किंचित बाहेरून फिरवला. तिसऱ्याने आणखी बाहेरून. दरवर्षी मासा जाड होत गेला, खवल्यांच्या जागी नुसत्या जाळीच्या रेघा आल्या, चंद्राची कोर भरत भरत गोल झाली. पुढे एका वर्षी सगळ्यावर निळा हात बसला आणि वर आई एकवीरेचं नाव आलं. नोंदणीचा नंबर पहिल्यांदा दिसतो तो त्याच्याही वर. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१चा आहे, म्हणजे नंबर बहुधा त्यानंतरचा, आणि नाखव्यांच्या घरातली आठवणही तेच सांगते, की मासे नंबराच्या आधीचे. त्यांच्या आई म्हणाल्या, बंदरावर उभं राहिलं की नाळेवरच्या पिवळ्यावरून आपली होडी ओळखायची. वाचायला येत नसलेल्या बायकांसाठी ते चिन्ह हाच नंबर होता.

अंदाजाने रंगवण्याचं काय होतं याचं एक उदाहरण देतो, कारण ‘निळीच असणार, कोळ्यांच्या सगळ्या निळ्याच’ असं तुम्ही ठामपणे लिहिलंय. स्टॉकहोमचं ‘वासा’ हे जहाज १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत बुडालं आणि १९६१ मध्ये वर काढलं. त्याच्या मागच्या भागावरच्या शेकडो कोरीव मूर्तींची पार्श्वभूमी निळी आणि मूर्ती सोनेरी, असं लोक कितीतरी वर्षं धरून चालले होते. लाकडाच्या खाचांत उरलेल्या रंगाच्या कणांची तपासणी झाली तेव्हा पार्श्वभूमी लाल निघाली आणि मूर्ती नाना रंगांच्या. इंग्लंडच्या ‘एचएमएस व्हिक्टरी’चंही तसंच. तिचे गडद पिवळे पट्टे सगळ्या जगाच्या ओळखीचे, पण थरांच्या अभ्यासानंतर २०१५ मध्ये ते फिकट, गुलाबीकडे झुकणाऱ्या रंगात बदलले. लोकांनी तेव्हाही ओरड केली. या दोन जहाजांमागे मोठ्या संस्था आहेत. मुंबईच्या गोदीत १८१७ साली पाण्यात उतरलेलं सागवानी ‘त्रिंकोमाली’ही आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला निगुतीने सांभाळलेलं आहे. आणि इथे आपल्या होड्या फोडून सरपणाला किंवा फर्निचरवाल्याला जातात. याचा मला त्रास होतो आणि तो मी लपवणार नाही.

राहिला अधिकाराचा प्रश्न, तुमच्या तिन्हींत सगळ्यात जड. बापाचा रंग आम्ही पुसून टाकलेला नाही. डावीकडची नाळ उघडी केली आणि उजवीकडे फक्त चिन्हापुरती खिडकी ठेवली, बाकी अख्खी बाजू निळी, एकवीरेच्या नावासकट, नंबरासकट, जशी होती तशी आहे. शिवाय मागच्या बाजूला वितभर रुंदीचा पायऱ्यांचा पट्टा ठेवलाय: लाकूड, शेंदूर, साधा हिरवा, माशांचा थर, जाड मासे, निळा आणि शेवटचा हात, एकाशेजारी एक. उघडण्याआधी प्रत्येक थराचा फोटो आणि पारदर्शक प्लास्टिकवर ट्रेसिंग घेतलं, ते सगळं नाखव्यांच्या घरी आहे. कुठे थांबायचं हे त्यांनी ठरवलं. वडिलांच्या हातचं नाव जाऊ देणार नाही, ही अट त्यांचीच होती आणि त्या अटीमुळे काम चांगलं झालं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करतो, म्हणजे गैरसमज नको. जी होडी अजून समुद्रावर जाते तिला हे करू नका. तिला दरवर्षी रंग लागतोच, नाहीतर लाकूड राहणार नाही. शिवाय २००८च्या हल्ल्यात अतिरेकी ‘कुबेर’ ही मासेमारी बोट पळवून मुंबईपर्यंत आले, त्यानंतर किनाऱ्यावर होड्यांना राज्यवार रंग ठरवून दिले गेले. चालत्या होडीने आजोबांचे रंग लावायचे म्हटलं तर समुद्रात अडवतील, आणि अडवावंच. नव्याने घडवलेल्या जहाजाची गोष्टही निराळी. नौदलाची ‘कौंडिण्य’ अजिंठ्याच्या चित्रावरून बांधली, तिच्या शिडावर गंडभेरुंड, म्हणजे दोन डोक्यांचा काल्पनिक पक्षी, काढला, तिथे कल्पनेला जागा आहे. जुन्या फळीवर मात्र आधी कोणीतरी बोललेलं असतं, त्याचं ऐकून घ्यावं लागतं.

शेवटी तुम्ही ओझरतं लिहिलंय की तुमच्या आजोबांची होडी गोराईला ताडपत्रीखाली आहे आणि यंदा ‘ब्लो लॅम्पने साफ करून’ रंगवणार आहात. बाकी काही पटलं नाही तरी चालेल, हे एवढं ऐका. ब्लो लॅम्प नको. खालच्या थरांत शेंदूर असणार, म्हणजे शिसं. ते तापवलं की वाफ छातीत जाते, कोरडं घासलं की धूळ जाते, आणि आजूबाजूला पोरं खेळत असतात. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग, आहे आणि ती २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या रंगाला तो हिशेब लावू नका. घासायचंच तर पाणी मारून, पॉलिश पेपर ओला ठेवून, तोंडाला नीट मास्क बांधून, आणि खालचा चिखल गोळा करून.

त्याआधी एका संध्याकाळी अंधार पडल्यावर दोन्ही बाजूंच्या नाळेवर टॉर्च आडवा धरून फोटो काढा. जुन्या रेषेची कड वरच्या रंगातूनही उठून दिसते. काही दिसलं तर तिथे हात लावू नका, बाकी होडी खुशाल रंगवा. सुतार कधी येणार ते मला कळवा. त्याच्या आदल्या दिवशी मी बोरिवलीहून फेरीने येतो, ट्रेसिंगचं प्लास्टिक आणि भिंग घेऊन. काय उघडायचं आणि काय झाकलेलं ठेवायचं ते तुमच्या घरातल्या थोरांनी सांगावं.