‘बांधकाम हा स्थानिक धंदा, त्याला राष्ट्रीय धोरण कशाला?’ : एका लोकप्रिय दाव्याचा प्रतिवाद

बांधकाम उद्योगासाठी केंद्र, राज्ये, ठेकेदार, विकासक, अभियंते आणि कामगार संघटना यांनी एकत्र बसून एक सामायिक राष्ट्रीय धोरण ठरवावे, अशी मागणी झाली की समाजमाध्यमांवर एक ठरावीक उत्तर फिरू लागते. त्याचा आशय असा : जमीन राज्याची आणि परवानगी पालिकेची असल्याने अशा धोरणाला अर्थ नाही, घर घेणाऱ्या ग्राहकाच्या संरक्षणासाठी रेरा कायदा आहेच, सर्वांत कमी दराच्या निविदेला काम दिले की जनतेचा पैसा वाचतो, मजूर मिळत नाहीत ते फुकट धान्यामुळे, आणि ब्रिटनने अशी धोरणे अनेकदा आखली, तरी तिथे काही बदलले नाही. यांपैकी शेवटच्या मुद्द्यात बरेच तथ्य आहे, म्हणून त्याचा विचार शेवटी करतो.

जमीन आणि स्थानिक स्वराज्य संस्था हे विषय संविधानाच्या राज्यसूचीत आहेत, हे खरे. पण सिमेंटवरील जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तो निर्णय कोणत्याही पालिकेचा नव्हता. सळईची आणि काँक्रीटची मानके भारतीय मानक ब्यूरो ठरवते. कामगार हा विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्ये दोघांच्याही अखत्यारीत आहे आणि पुण्यातल्या इमारतीवरचा गवंडी अनेकदा बिहारचा किंवा ओडिशाचा असतो. उलट, जे खरोखर राष्ट्रीय आहे तेच सैल आहे. २०१६ ची राष्ट्रीय इमारत संहिता शिफारशीच्या स्वरूपाची असून स्थानिक नियमावलीने स्वीकारल्याशिवाय ती बंधनकारक होत नाही. इच्छा असेल तर विखुरलेले नियम एकत्र आणता येतात, हे महाराष्ट्राने डिसेंबर २०२० मध्ये बृहन्मुंबई आणि काही अपवाद वगळून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू केली तेव्हा दिसलेच. त्यानंतरही नकाशे मंजूर करण्याचा अधिकार पालिकांकडेच राहिला.

रेराबद्दल थोडक्यात सांगता येईल. २०१६ च्या या कायद्याने खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवण्याचे आणि संरचनेतील दोषांची पाच वर्षे जबाबदारी घेण्याचे बंधन विकासकांवर घातले, आणि ते मोलाचे आहे. मात्र तो विक्रीसाठीच्या प्रकल्पांचा कायदा आहे. रस्ते, पूल, धरणे, शाळा, रुग्णालये आणि माणसे स्वतःच्या प्लॉटवर स्वतःसाठी बांधतात ती घरे त्याच्या कक्षेत येत नाहीत.

कमी दराचा मुद्दा सर्वांत पटणारा वाटतो आणि सर्वांत महागही पडतो. सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची जाहीर असते. साहित्य, मजुरी आणि ठेकेदाराचा नफा तिच्यात धरलेला असतो. असे असताना कोणी अंदाजपत्रकापेक्षा वीस-पंचवीस टक्के कमी दराने, म्हणजे ठेकेदारांच्या भाषेत ‘बिलो’ने, काम घेतो, तेव्हा ती तूट कुठून तरी भरून निघावीच लागते. ती सिमेंटच्या प्रमाणातून निघते, क्युरिंगच्या, म्हणजे काँक्रीटवर पाणी मारण्याच्या, दिवसांतून निघते, वाढीव बाबींच्या मागण्यांतून निघते, किंवा पोटठेकेदाराच्या आणि मुकादमाच्या हिशेबातून निघते. फार कमी दर भरणाऱ्याकडून शासन अतिरिक्त सुरक्षा ठेव घेते, याचा अर्थ अशा दराबद्दल शासनालाही शंका असते. केंद्राच्या १५० कोटी आणि त्याहून मोठ्या प्रकल्पांच्या २०२४ मधील मासिक अहवालांत खर्च वाढलेल्या प्रकल्पांची संख्या चारशेच्या वर होती. भूसंपादन आणि पर्यावरण परवानग्या हीही त्यामागची मोठी कारणे आहेत, सगळा दोष निविदेवर टाकणे अन्यायाचे होईल. पण मंजूर निविदेची रक्कम म्हणजे कामाची खरी किंमत नव्हे, एवढे त्यातून नक्की कळते.

हे केंद्राच्या लक्षात आलेले नाही असेही नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये अर्थ मंत्रालयाने निवडक कामांसाठी निविदा ठरवताना गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत भारांक देण्याची मुभा दिली आणि काम सुरू असताना टप्प्याटप्प्याने सादर होणाऱ्या चालू बिलाची किमान ७५ टक्के रक्कम दहा कामकाजाच्या दिवसांत देण्याची सूचना केली. पण ही सूचना केंद्रीय खात्यांना आहे. जिल्हा परिषदेला, नगरपालिकेला किंवा राज्याच्या बांधकाम विभागाला ती लागू नाही. त्यामुळे एकच ठेकेदार महामार्गाच्या कामावर एका नियमाने बिल मागतो आणि शेजारच्या गावरस्त्याच्या कामावर निधी येईपर्यंत वाट पाहत बसतो. महाराष्ट्रात थकीत बिलांसाठी २०२५ मध्ये ठेकेदारांना कामे बंद ठेवून आंदोलन करावे लागले. बिल कधी मिळेल हेच ठाऊक नसलेला ठेकेदार त्या अनिश्चिततेची किंमत पुढच्या निविदेत धरतो, आणि धरली नाही तर ती मुकादमाच्या माथी जाते. मुकादम ती मजुराच्या हप्त्यातून वळती करतो. कोणा एकाने चांगले वागायचे ठरवले तर तो निविदेतूनच बाद होतो, त्यामुळे हे सर्वांनी एकदम ठरवल्याशिवाय सुटणारे नाही.

फुकट धान्यामुळे मजूर मिळत नाहीत, हे विधान मोठ्या पदांवरची माणसेही करतात. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबातील माणसाला महिन्याला पाच किलो धान्य मिळते. त्यावर घरभाडे, शाळा आणि दवाखाना भागत नाही, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. माणूस परमुलखात बांधकामावर जाताना कचरतो, कारण तिथे राहायला पत्र्याची खोली असते, पगाराचा भरवसा नसतो आणि पडून हात मोडला तर गावी परतण्याखेरीज मार्ग नसतो. १९९६ च्या कायद्याने बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकरातून कामगारांसाठी निधी उभा केला आणि तो राज्यांच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळांकडे सोपवला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात नमूद झाले की तोवर ३७,४०० कोटींहून अधिक रक्कम जमा झाली होती आणि त्यातील सुमारे ९,५०० कोटीच खर्च झाले होते. नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि नाक्यावर रोज नवा मालक शोधणाऱ्या बिगाऱ्याला तो देणार कोण, हा प्रश्न कायम असतो.

गंमत अशी की ज्या रेशनला दोष दिला जातो, त्याच रेशनने परराज्यात गेलेल्या मजुराला लाभ कसा द्यायचा, हा प्रश्न सोडवून दाखवला आहे. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेमुळे झारखंडच्या मजुराला नाशिकमध्ये धान्य उचलता येते. बांधकाम मंडळांचे लाभ राज्याबाहेर नेण्याची तरतूद आता श्रमसंहितेत आहे; पण राज्यांची मंडळे एकमेकांच्या नोंदी पाहू शकत नसतील, तर ती कागदावरच राहणार.

आता ब्रिटन. तिथल्या सरकारने आणि उद्योगाने २०१३ मध्ये मिळून जाहीर केलेल्या धोरणात २०२५ पर्यंत खर्च ३३ टक्क्यांनी आणि बांधकामाचा कालावधी निम्म्याने कमी करण्याचे उद्दिष्ट होते. ते गाठले गेले नाही, आणि टीकाकारांचा रोख इथेच असतो. मात्र त्याच देशात बांधकामातील करार आणि देयकांवरच्या १९९४ च्या लेथम अहवालानंतर १९९६ मध्ये कायदा झाला : बांधकाम करारातील देयकाचा वाद त्रयस्थ निवाडाकाराने साधारणपणे २८ दिवसांत निकाली काढायचा, तो निर्णय न्यायालय किंवा लवाद बदलेपर्यंत पाळायचा, आणि ‘मला पैसे मिळाले की तुला देतो’ ही अट सर्वसाधारणपणे निष्प्रभ ठरवायची. हा कायदा १९९८ पासून आजही वापरात आहे. सिंगापूरने २००४ मध्ये आणि मलेशियाने २०१२ मध्ये असेच कायदे केले; मलेशियात तर १९९४ पासून बांधकाम उद्योगासाठी वैधानिक मंडळ असून ठेकेदारांना त्याच्याकडे नोंदणी सक्तीची आहे. जिथे नुसती उद्दिष्टे लिहिली तिथे धोरण वाया गेले, जिथे कोणावर तरी बंधन आले तिथे ते टिकले.

भारतात १९९६ मध्येच नियोजन आयोगाने उद्योगाच्या सहभागाने बांधकाम उद्योग विकास परिषद स्थापली, पण तिला वैधानिक अधिकार मिळाले नाहीत, ठेकेदारांची राष्ट्रीय नोंदवही झाली नाही, आणि २८ दिवसांच्या निवाड्यासारखा कायदाही आला नाही. जून २०२४ मध्ये तर अर्थ मंत्रालयाने शासकीय करारांत लवादाचे कलम सरसकट न घालता ते साधारणतः दहा कोटींखालच्या वादांपुरते ठेवण्याचे कळवले. त्याहून मोठा वाद झाला आणि मध्यस्थीने मिटला नाही, तर ठेकेदाराला दिवाणी न्यायालयात जावे लागते, आणि तो निकाल लागेपर्यंत त्याच्या हाताखालच्या सेंट्रिंगवाल्याचे आणि गवंड्याचे पैसे कुठून यायचे, हा प्रश्न उरतोच.