अडतं ते इंग्रजीपाशी नाही, मांडणीपाशी

आपली माणसं कामात तरबेज, पण बोलण्यात मागे पडतात आणि म्हणून नेतृत्व दुसऱ्यांकडे जातं, हे मायदेशातल्या चर्चेत वर्षानुवर्षं ऐकू येतं. त्यावर उपाय म्हणून अस्खलित इंग्रजी, देहबोली आणि व्यक्तिमत्त्व विकासाचे वर्ग सुचवले जातात. परदेशात बसून हे निदान पटत नाही. इकडे व्याकरणात चुकणारे, शब्द शोधत बोलणारे अभियंते मोठे प्रस्ताव मंजूर करून घेतात आणि ज्यांची मातृभाषाच इंग्रजी, त्यांचे प्रस्ताव बारगळतात.

याचा सर्वांत कठोर पुरावा अमेरिकेतलाच आहे. जानेवारी २००३ मध्ये कोलंबिया यान अंतराळात असताना, उड्डाणाच्या वेळी पंखावर आदळलेल्या फोमच्या तुकड्याने किती नुकसान झालं असेल, यावर नासात सादरीकरण झालं. एका स्लाइडचं शीर्षक धीर देणारं होतं: चाचण्यांची माहिती सुरक्षिततेकडे झुकणारी आहे, असा त्याचा आशय. सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत खरी गोष्ट होती. आदळलेल्या तुकड्याचा अंदाजे आकार १,९२० घन इंच, तर चाचणीतल्या तुकड्याचा ३ घन इंच, म्हणजे ६४० पट फरक. प्रत्यक्ष परिस्थिती चाचण्यांच्या माहितीच्या बरीच बाहेर आहे, हे वाक्यही तिथेच तळाशी दडलेलं होतं. १ फेब्रुवारीला यान कोसळलं, सात अंतराळवीर गेले. चौकशी मंडळाने आपल्या अहवालात या स्लाइडवर स्वतंत्र टीका केली. ती लिहिणाऱ्यांचं इंग्रजी उत्तमच होतं. चुकला होता तो क्रम.

म्हणून शिकायचंच असेल तर आधी क्रम शिकावा. पहिल्या मिनिटात तीन गोष्टी: कोणता निर्णय हवा, त्याला काय लागेल, कधीपर्यंत हवा. त्यानंतर कारणं, आणि पद्धत सगळ्यात शेवटी. आपल्याकडे परीक्षेच्या उत्तरपत्रिकेची सवय उलटी असते: व्याख्या, पार्श्वभूमी, गणित, मग उत्तर. वरिष्ठ मधेच उठून गेला की उत्तर राहूनच जातं. बैठक तीस मिनिटांची असेल तर दहा मिनिटांत बोलणं संपेल एवढंच साहित्य घ्यावं. निर्णय प्रश्नोत्तरांत होतो आणि प्रश्नांना वेळ लागतो.

आलेखाचं शीर्षक म्हणजे निष्कर्षाचं पूर्ण वाक्य हवं. ‘तिमाही तक्रारी’ असं लिहिलं तर काय पाहायचं ते बघणाऱ्याने ठरवायचं. ‘नवीन अर्ज आल्यापासून तक्रारी निम्म्यावर आल्या’ असं लिहिलं की नजर नेमकी तिथे जाते. विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये दाखवून दिलं की एकाच मोजपट्टीवरची जागा माणूस सर्वांत अचूक वाचतो. कोन आणि क्षेत्रफळ वाचताना चुका वाढतात. सहा भागांचा पाय चार्ट, म्हणजे वर्तुळाचे तुकडे करून दाखवलेला आलेख, फसतो तो यामुळेच. तिथे आडवे स्तंभ चढत्या-उतरत्या क्रमाने लावावेत आणि त्यांची पट्टी शून्यापासून सुरू करावी, नाहीतर किरकोळ फरकही डोंगराएवढा दिसतो.

टक्केवारीचंही तसंच. १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये काही गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट होतो, असा इशारा दिला गेला. बातमी १०० टक्के वाढीची झाली, अनेक स्त्रियांनी गोळ्या सोडल्या आणि नको असलेल्या गर्भधारणा वाढल्या. प्रत्यक्षात हे प्रमाण सात हजारांत एकावरून सात हजारांत दोनवर गेलं होतं. वाढ सांगताना मूळ आकडा सोबत देणं ही सभ्यता आहे, आणि हुशारीही: एखाद्याने नंतर तो शोधून काढला की तुमच्या बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

आता प्रभावाबद्दल. बैठकीआधी लोकांना गाठून बोलणं मायदेशी ‘सेटिंग’ म्हणून हिणवलं जातं, आणि बंद दाराआड देवाणघेवाण होत असेल तर ते योग्यच आहे. पण चांगल्या संस्थांत हेच काम उघडपणे होतं. टोयोटात तर प्रस्ताव औपचारिक होण्याआधी संबंधितांशी एकेक करून बोलण्याची रीतच आहे. ज्यांच्या होकारावर निर्णय अडेल अशा चार-पाच जणांना प्रत्येकी पंधरा मिनिटं द्यावीत. ‘तुम्हाला पटतंय का?’ असं विचारलं की बहुतेकजण भिडेखातर हो म्हणतात. ‘कोणत्या कारणासाठी तुम्ही हे नाकाराल?’ असं विचारलं की खरी हरकत बाहेर येते. सर्वांत कडवा विरोधक शेवटी गाठण्याची चूक फार होते. तोवर मसुदा पक्का झालेला असतो आणि त्याच्या हरकतीला जागाच उरत नाही. त्याला पहिल्या दोघांत घ्यावं. सगळ्यांना एकच मसुदा दाखवावा, हरकत ज्याची असेल त्याच्या नावानिशी मसुद्यात लिहावी, आणि ती मान्य केली नसेल तर का नाही, हे बैठकीआधीच त्याला सांगावं. बैठकीत धक्का बसलेला माणूस मुद्द्यावर नव्हे, अपमानावर मत देतो.