घोकंपट्टीचा शिक्का आमच्याच लेकरांवर का?

नीटचा निकाल लागला की पुण्याच्या मामांचा फोन येतो आणि आमचा वाद ठरलेला. यंदाही तेच. "तुमच्या लातूर पॅटर्नची पोरं रिअ‍ॅक्शन नुसत्या पाठ करतात. त्या का होतात, ते एकाला सांगता येत नाही. तुझ्या अमेरिकेत बघ, सगळं समजून शिकतात." मी ओहायोत शिकते, ऑरगॅनिक केमिस्ट्रीचे, म्हणजे कार्बनच्या संयुगांच्या रसायनशास्त्राचे, दोन्ही कोर्स केलेत, आणि मला हे अजिबात पटत नाही.

इथेही पाठ करावंच लागतं, मामा. ग्रिन्यार्ड या मॅग्नेशियमच्या अभिकर्मकाला पाण्याचा थेंब चालत नाही, पीसीसी हे ऑक्सिडीकारक प्राथमिक अल्कोहोलला अ‍ॅल्डिहाइडपाशी थांबवतं, बेंझिनच्या कड्यावर नायट्रो गट असेल तर पुढचा गट मेटा जागी, म्हणजे एक कार्बन सोडून, जातो. एवढं डोक्यात नसेल तर समजून काय घेणार? मिडटर्मच्या आदल्या रात्री लायब्ररीत सगळे फ्लॅशकार्डं उलटत बसलेले असतात. 2022 साली न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत ऑरगॅनिकच्या 350 पैकी 82 विद्यार्थ्यांनी कोर्स फार अवघड आहे, गुण कमी मिळतात म्हणून अर्जावर सह्या केल्या आणि त्या वयोवृद्ध प्राध्यापकांचा करार संपवला गेला. आमची अहमदपूर-उदगीरची लेकरं घर सोडून लातूरला कॉट बेसिसवर राहतात, मेसचा डबा खातात आणि हाच विषय निमूटपणे करतात. ज्या शहराला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या शहरात.

फरक आहे, पण तो मामा म्हणतात तिथे नाही. नीटमध्ये चार पर्याय असतात. बरोबरला चार गुण, चुकलं की एक वजा. इलेक्ट्रॉन कुठून निघाले आणि कुठे गेले, हे बाण काढून दाखवा असं तो पेपर कधी विचारतच नाही. इथे एसएन2 चा, म्हणजे कार्बनवरचा एक गट जाऊन दुसरा येण्याच्या रिअ‍ॅक्शनचा, प्रश्न आला की न्यूक्लिओफाइल (इलेक्ट्रॉन देणारा नवा गट) मागून येताना, लीव्हिंग ग्रुप (सुटणारा गट) जाताना आणि कार्बनची रचना उलटताना कागदावर दिसावी लागते. शेवटचा बाण चुकला तरी आधीच्या बाणांचे गुण मिळतात. प्रोफेसरांच्या ऑफिस अवर्सला जाऊन तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारता येतो. लॅब दर आठवड्याला: रिक्रिस्टलायझेशननं पदार्थ शुद्ध करणं, टीएलसीनं मिश्रणातले घटक वेगळे करून बघणं, आयआरनं (इन्फ्रारेड किरणांनी) रेणूतले गट ओळखणं. आपल्याकडे बारावीचं जर्नल एकमेकांचं बघून पूर्ण होतं, हे मामांनाही ठाऊक आहे. मग दोष पेपर काढणाऱ्यांना आणि प्रयोगशाळा बंद ठेवणाऱ्यांना द्या. सतरा वर्षांच्या पोराला कशाला?

"तू वेगळी गं, तू त्यातून निघालीस," असं मामा कौतुकानं म्हणतात तेव्हा जास्त लागतं. मी कशातूनही निघालेले नाही. लातूरच्याच क्लासमध्ये दोन वर्षं बसले आणि तिथं पाठ झालेल्या रिअ‍ॅक्शनच्या जोरावरच इथे पहिल्या महिन्यापासून वर्गाच्या पुढे होते. इथला टीए (प्रोफेसरांचा शिकवणारा सहायक) मला म्हणतो, "तुम्ही भारतीय पाठांतरात पक्के." म्हणजे पुण्यातही तेच आणि ओहायोतही तेच. मामांशी भांडताना मी "आमचं लातूर" म्हणते, टीएशी बोलताना "आमचा देश" म्हणते, आणि दोन्हीकडे मला बाहेरची समजतात.

परवा मामांनी विचारलं, "एवढं आहे तर लातूरला येऊन शिकवशील का?" मला यायचंय. फक्त क्लासच्या फ्लेक्सवर फोटो लावून पर्याय ओळखायला शिकवायचं नाही. बाण काढू देणारा वर्ग आणि रोज उघडणारी लॅब हवी. ती कोण देणार, हे मामांनी सांगावं.