‘कोंडून’ हा शब्द मी मागे घेणार नाही

‘जुना वाचक’ यांस,

‘संगणकावरची मराठी’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया चार वेळा वाचली. विंडोज ९८ मध्ये देवनागरीची सोय होती असं मी लिहिलं, ते चूक आहे. ती विंडोज २००० बरोबर, मंगल फॉन्टसकट आली. तुमचं बरोबर, लेख दुरुस्त करतो.

पण पुढे तुम्ही लिहिलंत: ‘नव्वदच्या दशकातला मराठी मजकूर फॉन्टांमध्ये कोंडून पडला असं म्हणणारा माणूस डीटीपीच्या खोलीत कधी बसलेला दिसत नाही.’ (डीटीपी म्हणजे संगणकावर छपाईची पानं तयार करणं.) मतभेद असावेत, पण हे मतभेदाचं वाक्य नाही. समोरच्यानं आयुष्यभर काय केलं याची चौकशी न करता तुम्ही त्याची लायकी ठरवून मोकळे झालात.

माझे वडील सांगलीत जुळारी होते, म्हणजे छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारे. शिशाचे खिळे, ते ठेवायचे लाकडी खण, बोटांना कायमची शाई. १९९३ साली त्यांच्याच मालकाच्या प्रेसमध्ये संगणक आला आणि त्यावर मी बसलो. पुढची बारा वर्षं मी त्या खोलीत काढली. पेजमेकर (पानं मांडायचं सॉफ्टवेअर), ट्रेसिंग, लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, दिवाळी अंक. तेव्हा खोलीबद्दल मला सांगू नका.

आता ‘कोंडून’ म्हणजे काय ते सांगतो. त्या फाइलींमध्ये मराठी अक्षर साठवलेलंच नसायचं. इंग्रजी अक्षरांच्या घरांत आपले काने, मात्रा, अर्धी अक्षरं बसवलेली असायची आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. एकाची फाइल दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये उघडली की पडद्यावर नुसता चिखल. ‘कि’ टंकताना आधी वेलांटी, मग क, कारण डोळ्याला ती आधी दिसते. ‘पर्व’ लिहिताना आधी व, मग त्याच्या डोक्यावर रफार. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या आजच्या मानकात, दोन्ही उलट: क आधी, वेलांटी नंतर, आणि र व च्या आधी, उच्चारात येतो तसा. म्हणजे जुना मजकूर नव्यात आणायचा तर नुसत्या खुणा बदलून भागत नाही, त्यांचा क्रमही फिरवावा लागतो. त्यात टंकणाऱ्यानं घाईत एखादं जोडाक्षर दोन तुकडे जोडून बनवलं असेल, तर रूपांतर करणारा प्रोग्रॅम तिथे हमखास अडखळतो. अशा फाइलीत युनिकोडमध्ये ‘पुणे’ टंकून शोधलं तर पुणे सापडत नाही. नावालासुद्धा नाही.

२००५ च्या पुरात प्रेसमध्ये छातीभर पाणी आलं. संगणक गेला आणि त्याच्या मागे लावलेलं ते हार्डवेअर लॉकही गेलं, ज्याच्याशिवाय फॉन्टचं सॉफ्टवेअर सुरूच होत नसे. माळ्यावरच्या सीडी वाचल्या. त्यातल्या एकीवर एका निवृत्त गुरुजींनी आपल्या आईच्या तोंडून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या, २१२ पानं. तोवर गुरुजी वारले होते, हस्तलिखित पुरात गेलं होतं. कंपनीला फोन केला (नाव घेत नाही), तर ती आवृत्ती आता बंद आहे, नवी घ्या म्हणाले. नवी घेतली. तिची मांडणी वेगळी निघाली. फाइल हातात होती आणि त्यातली एक ओवी वाचता येत नव्हती. शेवटी गुरुजींच्या मुलीकडे प्रुफांचा एक जुना गठ्ठा सापडला. त्यावरून सगळं मी पुन्हा टंकलं, युनिकोडमध्ये. अडीच महिने लागले. याला तुम्ही कोंडणं म्हणत नसाल, तर तुमचा शब्द कुठला, तो कळवा.

बाकी मुद्द्यांचं थोडक्यात. लेखात इस्की, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीचं युनिकोडआधीचं संगणकीय मानक, नाही, ही तुमची तक्रार. आयआयटी कानपूरमधलं काम, पुण्याच्या सीडॅक या सरकारी संगणक संस्थेनं ते जिस्ट या तंत्रज्ञानाच्या रूपात पुढे नेणं, १९९१ चं भारतीय मानक, हे सगळं मला ठाऊक आहे. युनिकोडची देवनागरी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरच बेतलेली आहे. लेखाचा विषय तो नव्हता. वर्तमानपत्रांना रोज अंक काढायचा होता, ती युनिकोडसाठी थांबू शकत नव्हती, हे तुमचं म्हणणं मी कुठेही नाकारलेलं नाही. त्यावर वेगळं लिहीन.

आणि तुम्ही म्हणता तसा मी ‘युनिकोडचा भक्त’? युनिकोडमध्ये मराठीच्या ‘ॲ’ला स्वतःची जागा २००८ साली मिळाली. तोवर ‘ॲसिड’ लिहिताना होणाऱ्या ओढाताणीवर याच ब्लॉगवर मी दोन लेख लिहिलेत. जुने वाचक म्हणवता, मग ते तरी वाचायचे होते.

शेवटी तुम्ही सल्ला दिलात की पुढच्या वेळी भावना कमी आणि माहिती जास्त द्या. माहिती वर दिली आहे. विंडोजचं साल आज रात्री बदलतो. ‘कोंडून’ तसाच राहील.