कुकर धरून की वगळून?

ऑस्ट्रेलियात काही वर्षं काढली की मराठी माणसाला दोन गोष्टींचे डोहाळे लागतात. परसात कढीपत्ता आणि दारात कॅरव्हॅन. कढीपत्ता मेलबर्नच्या पहिल्याच थंडीत मान टाकतो. कॅरव्हॅन तेवढी नाजूक नसते, पण तिला ओढायला कोणीतरी लागतं.

बायकोने पसंत केलेली कॅरव्हॅन एकवीस फुटी. आत पलंग, मुलांना बंक, वॉशिंग मशीन आणि आमच्या पुण्यातल्या पहिल्या फ्लॅटपेक्षा बरं बाथरूम. पत्र्याच्या पाटीवर लिहिलेलं: भरल्यावर जास्तीत जास्त 3500 किलो. आमच्या टू-व्हील-ड्राइव्ह रॅव्हफोर हायब्रिडची ओढायची मर्यादा 480 किलो. तिने फार तर बाथरूम नेलं असतं.

मग यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, बघायला निघालो. इथे जी ती यूट साडेतीन टन ओढते. जाहिरातीत, काचेवरच्या स्टिकरवर, सेल्समनच्या तोंडी, सगळीकडे तोच आकडा. ‘साडेतीन टन, नो वरीज मेट!’ असं म्हणून त्याने बॉनेटवर थाप मारली. शेजारी बायको होती. ती स्ट्रक्चरल इंजिनियर आहे. पूल पाडायचा नाही एवढ्यासाठी तिला पगार मिळतो. तिने थंडपणे विचारलं, ‘‘आत कोण कोण बसलेलं असताना?’’ सेल्समनला अचानक फोन आला.

त्या रात्री एक्सेल उघडलं गेलं. यूट आणि कॅरव्हॅन मिळून किती वजनाची परवानगी आहे, त्याला इथे जीसीएम म्हणतात. त्या यूटचा जीसीएम 5950 किलो. त्यातून कॅरव्हॅनचे 3500 गेले, यूटचं स्वतःचं 2100 गेलं. उरले 350. एवढ्यात ड्रायव्हर, बायको, दोन मुलं, बाबा, पुढचा लोखंडी बुलबार, मागचा ओढायचा टोबार आणि हौद्यातला फ्रीज. सेल्समन खोटं बोलत नव्हता. गाडी साडेतीन टन ओढते, फक्त आपण घरी थांबायचं.

दुसऱ्या दिवशी बाथरूममधला वजनकाटा हॉलमध्ये आला. धाकटीने दप्तरासकट वजन केलं, कारण ‘‘मी दप्तराशिवाय येणार नाही.’’ थोरल्याने बूट काढून केलं आणि कौतुकाची वाट बघत उभा राहिला. बाबा काट्यावर चढले, खाली आकड्याकडे बघण्याऐवजी समोर भिंतीकडे बघत राहिले, फोटो काढतात तसे. उतरल्यावर म्हणाले, ‘‘कुकर धरलास का?’’

‘‘कोणता?’’

‘‘पाच लिटरचा. आणि शेंगदाण्याचं कूट. तिकडे वाटेत मिळायचं नाही.’’

बाबा सांगोल्याकडचे. तरुणपणी खिल्लार जोडीची गाडी हाकलेली. एक्सेलकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही, पण कॅरव्हॅनच्या मागच्या खणात मी तांदळाची पोती आणि हत्यारांची पेटी ठेवणार आहे हे ऐकल्यावर खुर्चीत ताठ झाले. ‘‘अरे, गाडी उलाळ होईल! मागं वजन गेलं की जू मानेवरनं उचलतंय. मग बैलानं काय करायचं?’’

इथली पुस्तकंही हेच सांगतात, जरा जास्त शब्दांत. कॅरव्हॅनच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा पुढे टोबॉलवर, म्हणजे टोबारच्या टोकावरच्या गोळ्यावर, यूटच्या शेपटीवर पडायला हवा. जड सामान चाकांच्या आसाशी ठेवायचं. मागे ठेवलं, की वाटेत एखादा लांबलचक ट्रक वारा मारून गेला की कॅरव्हॅन शेपूट हलवायला लागते, आणि शेवटी शेपूटच कुत्र्याला हलवतं. अशा वेळी पाय ब्रेकवर दाबायचा नाही. अॅक्सिलरेटर सोडायचा आणि डॅशबोर्डवरचं बटण दाबून एकट्या कॅरव्हॅनचे ब्रेक लावायचे. बाबांच्या जमान्यात बटणाऐवजी शिवी होती.

आता 3500 चा दहावा हिस्सा म्हणजे 350 किलो, आणि तो यूटच्या पोटातलं सामान म्हणून मोजला जातो. म्हणजे गाडीत न बसलेला, पेट्रोल पंपावर चॉकलेट न मागणारा, असा एक साडेतीनशे किलोचा प्रवासी आपल्याबरोबर येतो.

‘‘मग लँडक्रूझर घेऊ,’’ मी म्हणालो. इथे अडलेल्या माणसाचं हे शेवटचं वाक्य असतं. लँडक्रूझर 300 चा जीसीएम 6750, ऐकूनच छाती फुगते. बायकोने आकडे भरले. गाडीचं स्वतःचं वजन सुमारे 2600, कॅरव्हॅन सोडून, गाडीवर पडणारं सगळं धरून परवानगी 3280. वजाबाकी, मग त्यातून टोबॉलचे 350. उरले पुन्हा साडेतीनशेच्या आत. किंमत एक लाख डॉलरच्या आसपास. इतके पैसे मोजून कुकर तिथल्या तिथेच.

पुढची पायरी अमेरिकन पिकअपची. ती साडेचार टन ओढते, पण लांबी सहा मीटरला जरा कमी. मी टेप घेऊन गॅरेज मोजलं आणि टेप गुपचूप ड्रॉवरमध्ये ठेवली.

एवढं झाल्यावर शहाणा माणूस हलकी कॅरव्हॅन बघेल. मी तसं सुचवलं. बायकोने ‘बाथरूम’ एवढाच शब्द उच्चारला आणि विषय संपला. ती पुन्हा यूटच्या शीटवर गेली. एकेक ओळ पुसून बघू लागली. फ्रीज पुसला, तरी बेरीज मर्यादेबाहेर, लाल. बुलबार पुसला, लाल. धाकटीचं दप्तर पुसलं, घरात रडारड झाली, दप्तर परत आलं. बाबांनी कुकर तीन लिटरवर आणायची तयारी दाखवली, तरी लालच.

मग तिने एक ओळ निवडली, क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि डिलीट दाबलं. शीट हिरवी झाली. फ्रीज, दप्तर, पाच लिटरचा कुकर, सगळ्यांसकट.

‘‘यूट मी चालवते,’’ ती म्हणाली, ‘‘तू अॅडलेडला विमानाने ये.’’

‘‘येताना कूट घेऊन ये,’’ बाबा म्हणाले. ‘‘तेवढंच इकडचं वजन कमी.’’